अतिस्वेदन : न सांगितला जाणारा विकार

या अहवालाच्या अन्य पानांवर वर्षभरातील शस्त्रक्रिया, प्रसूती, तपासण्या आणि खाटांचा वापर यांचे तक्ते दिलेले आहेत. आमच्या विश्वस्तांचे व देणगीदारांचे लक्ष प्रथम त्या आकड्यांकडे जावे हे स्वाभाविकच आहे. परंतु काही विकार असे असतात की त्यांची नोंद या तक्त्यांत सहसा उमटत नाही. त्यांच्यासाठी रुग्णास दाखल करावे लागत नाही, त्यांनी कोणाचा मृत्यू ओढवत नाही, आणि बहुतेक रुग्ण मुळात त्यांच्यासाठी म्हणून रुग्णालयाची पायरी चढतच नाहीत. ते दुसऱ्याच तक्रारीसाठी येतात आणि उठून दाराकडे वळल्यावर, "डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं," असे म्हणतात. हातापायांना वा काखेत प्रमाणाबाहेर घाम येणे हा त्यांपैकी एक विकार होय. वैद्यकात त्यास 'हायपरहायड्रोसिस' म्हणतात. आपण त्यास अतिस्वेदन म्हणू.

यंदा या विकाराविषयी सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, त्यावर आज उपयुक्त उपचार उपलब्ध आहेत आणि त्यांतील पहिले दोन अल्प खर्चाचे आहेत. तरीही अनेक रुग्ण एक तर कोणताच उपचार न घेता तारुण्याची वर्षे काढतात, किंवा माहितीअभावी एकदम शेवटच्या, म्हणजे शस्त्रक्रियेच्या पायरीवर जाऊन उभे राहतात. या दोहोंमधील पायऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना ठाऊक असाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घाम कशासाठी आणि कोणाच्या आज्ञेने

घाम ही शरीर थंड राखण्याची यंत्रणा आहे. माणसाच्या त्वचेत सुमारे वीस ते चाळीस लक्ष स्वेदग्रंथी असतात, आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती तळहात व तळपायांवर असते. एक लिटर घाम पूर्णपणे वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. येथे 'वाळणे' हा शब्द महत्त्वाचा आहे. मुंबईत व कोकणात दमट हवेमुळे घाम निथळतो पण वाळत नाही, म्हणून जीव हैराण होतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो येताक्षणीच वाळतो, त्यामुळे किती पाणी शरीराबाहेर गेले हे कळतही नाही. घामाचे मोल तो नसला म्हणजे कळते. कुष्ठरोगात ज्या चट्ट्यातील चेतातंतू निकामी होतात तेथे घाम येणे थांबते, त्वचा कोरडी होऊन भेगाळते. म्हणूनच असा चट्टा तपासताना डॉक्टर त्याच्या बधिरतेबरोबर कोरडेपणाही पाहतात. तेव्हा घाम हा काही शत्रू नव्हे. तो अजिबात येऊ नये असे कोणत्याही उपचाराचे उद्दिष्ट नसते.

घामाची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या केंद्राकडून निघते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना चेतातंतूंची एक साखळी असते, तिला अनुकंपी साखळी म्हणतात. छातीच्या पोकळीत ती बरगड्यांच्या मुळांवरून खाली उतरते. हातांकडे जाणारा निरोप या साखळीतून जातो आणि तंतूंच्या टोकाशी 'अॅसिटिलकोलीन' नावाचे द्रव्य सुटून ते स्वेदग्रंथीस जागे करते. ही साखळी आणि हे द्रव्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे सांगितलेले बहुतेक उपचार या वाटेवर कोठे ना कोठे अडसर घालणारे आहेत.

तळहात, तळपाय आणि काखा येथील ग्रंथी उष्णतेइतक्याच, किंबहुना अधिक, मनाच्या ताणाला प्रतिसाद देतात. परीक्षेच्या पहिल्या दिवशी हात ओले होणे हे सर्वांच्याच अनुभवाचे आहे. अतिस्वेदनाच्या रुग्णात ग्रंथी संख्येने अधिक नसतात आणि त्यांच्या रचनेतही दोष आढळत नाही. त्यांना मिळणारे निरोपच अवाजवी असतात. थंडीच्या दिवसांत, निवांत बसलेले असतानाही, तळहातावरून थेंब गळू लागतात. "मूल घाबरट आहे, म्हणून घाम येतो," असे घरातील मंडळी म्हणतात. आमच्या अनुभवात क्रम बहुधा उलटा असतो. घाम आधी येतो, तो कोणाच्या दृष्टीस पडेल ही धास्ती नंतर येते, आणि त्या धास्तीने घाम आणखी वाढतो.

या विकाराने काय अडते

ज्यास हा त्रास नाही त्यास तो क्षुल्लक वाटतो, हे आम्ही जाणतो. म्हणून थोडे तपशील देणे आवश्यक आहे. शाळकरी मूल उत्तरपत्रिकेवर हाताखाली रुमाल किंवा टिपकागद ठेवून लिहिते. तो सरकला की शाई फुटते व कागद फाटतो. लेथवर काम करणाऱ्या कारागिराने हाताळलेल्या लोखंडी भागावर घामातील क्षारांमुळे बोटांचे ठसे गंजून उमटतात, आणि मालक ते काम नाकारतो. हार्मोनियम किंवा सतार शिकणाऱ्याची बोटे घसरतात. ओल्या बोटाचा ठसा यंत्र नीट वाचू शकत नाही. त्यामुळे शिधावाटप दुकानात किंवा कारखान्याच्या दाराशी हजेरीच्या यंत्रावर पुनःपुन्हा बोट टेकवावे लागते व मागची रांग कुरकुर करते. भ्रमणध्वनीचा काचेचा पडदाही ओल्या बोटाला दाद देत नाही. विवाहाच्या वयाच्या मुलामुलींची काळजी आणखी निराळी. ज्या विधीचे नावच पाणिग्रहण, त्या विधीच्या कल्पनेनेच काही जण धास्तावलेले असतात, आणि ही गोष्ट ते आईलाही सांगत नाहीत.

पायांचे दुखणे तर अधिक प्रत्यक्ष असते. दिवसभर बंद बुटात राहणारे सुरक्षारक्षक, पोलीस, कारखान्यातील कामगार आणि कॅन्व्हासचे बूट घालणारे विद्यार्थी यांच्या ओल्या तळव्यांवर जंतू वाढतात, त्वचेत बारीक बारीक खड्डे पडतात आणि उग्र दर्प येतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. 'पाय धूत नाही' हा आरोप मात्र अशा मुलावर अकारण होतो, कारण ते बहुधा इतरांपेक्षा अधिक वेळा पाय धूत असते.

हा विकार दुर्मीळ नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत लोकसंख्येच्या २.८ टक्के लोकांना तो असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी केवळ ३८ टक्के जणांनीच त्याविषयी वैद्यकीय व्यक्तीशी बोलण्याचे धाडस केले होते. आपल्याकडील स्थिती याहून बरी असेल असे मानण्यास आम्हास कारण दिसत नाही. तो बरेचदा आनुवंशिक असतो. मुलाची तपासणी सुरू असता सोबत आलेल्या वडिलांनी हात पाठीमागे घेतले, असे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

साधा कोणता, सावध करणारा कोणता

प्रत्येक घाम हा वर वर्णन केलेल्या प्रकारचा नसतो. म्हणून उपचारापूर्वी दोन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिला प्राथमिक अतिस्वेदनाचा. त्यात कोणताही दुसरा आजार नसतो. घाम तळहात, तळपाय, काखा किंवा चेहरा अशा ठराविक जागीच, आणि दोन्ही बाजूंस सारखा येतो. सुरुवात बहुधा वयाच्या पंचविशीपूर्वी झालेली असते. तो सहा महिन्यांहून अधिक काळ, आठवड्यातून निदान एकदा तरी येतो व दैनंदिन कामात अडथळा आणतो. आणि झोपेत तो थांबतो. यातील शेवटच्या लक्षणास आम्ही फार महत्त्व देतो. रात्री हात कोरडे असतात की ओले, अंथरूण भिजते की नाही, हे रुग्णापेक्षा त्याची आई किंवा पत्नी अधिक खात्रीने सांगू शकते.

दुसऱ्या प्रकारात घाम हे अन्य आजाराचे चिन्ह असते. असा घाम बहुधा सर्वांगाला येतो, प्रौढ वयात नव्याने सुरू होतो आणि झोपेतही येतो. त्याविषयी आम्ही येथे किंचित आग्रहाने लिहितो, कारण यात विलंब महाग पडतो. रात्री कपडे भिजविणारा घाम, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे आणि दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला ही लक्षणे एकत्र असतील तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घेतलीच पाहिजे. रात्रीच्या घामाबरोबर मानेत, काखेत किंवा जांघेत गाठी असल्यास तीही तपासणी टाळू नये. छातीत धडधड, हातांना कंप, भूक चांगली असूनही वजन कमी होणे आणि उष्णता सहन न होणे हे अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीच्या अतिरिक्त कार्याचे लक्षण असू शकते. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यास एकाएकी घाम फुटून थरथर व भूक जाणवली, तर रक्तातील साखर उतरली आहे असे समजून, रुग्ण शुद्धीवर व गिळू शकत असल्यास त्यास त्वरित साखर द्यावी. डॉक्टरांची वाट पाहू नये. छातीत दाब किंवा वेदना आणि थंड घाम अशी जोडी असल्यास हृदयविकाराचा झटका समजून तडक रुग्णालय गाठावे. तान्हे मूल अंगावर पिताना दमत असेल आणि त्याच्या कपाळावर घाम डवरत असेल, तर त्याचे हृदय तपासून घ्यावे. ही गोष्ट आजीबाईंच्या नजरेस आधी पडते, पण 'बाळ कष्टाने पितंय' एवढाच तिचा अर्थ लावला जातो. शरीराच्या एकाच बाजूस येणारा घाम हाही तपासणीचा विषय आहे. रजोनिवृत्तीच्या काळातील घाम व उष्णतेचे झोत पुष्कळ स्त्रियांना येतात, आणि नैराश्यावरील काही गोळ्यांनीही घाम वाढतो. या दोहोंचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

प्राथमिक प्रकारात मोठ्या तपासण्यांची गरज सहसा पडत नाही. घाम नेमका कोणत्या भागातून येतो हे पाहण्यासाठी एक जुनी व स्वस्त चाचणी आजही उपयोगी आहे. व्हिक्टर मायनर यांनी ती १९२८ साली प्रसिद्ध केली. त्वचेवर आयोडीनचे द्रावण लावून वाळू द्यायचे आणि त्यावर स्टार्चची भुकटी भुरभुरायची. जेथे घाम फुटतो तेथे निळा-काळा रंग चढतो. विकाराची तीव्रता मात्र रुग्णाच्याच शब्दांत मोजली जाते. घाम जाणवत नाही आणि कामात आड येत नाही, इथपासून तो असह्य आहे व सतत आड येतो, इथपर्यंत चार पायऱ्यांचे एक साधे मापन आहे. उपचारानंतर रुग्ण कोणत्या पायरीवर आला, यावरून यश ठरते.

पहिली पायरी : रात्रीचे औषध

तुरटी आपल्या घराघरांत असते. दाढीनंतर ती फिरविण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. तुरटी हा अॅल्युमिनियमचाच एक क्षार. अतिस्वेदनावरील पहिले औषध त्याच कुळातले, पण पुष्कळ प्रभावी आहे. अॅल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण काखेसाठी साधारण १० ते २० टक्के आणि तळहात-तळपायांच्या जाड त्वचेसाठी काही वेळा त्याहून तीव्र वापरले जाते. ते स्वेदनलिकेच्या तोंडाशी बूच तयार करते.

औषध स्वस्त आहे, परंतु ते लावण्याची पद्धत चुकल्यामुळेच बहुतेकांना ते 'लागू पडत नाही'. ते रात्री झोपताना लावावयाचे असते, कारण तेव्हा घाम सर्वांत कमी असतो. दिवसा लावलेले औषध घामाबरोबर वाहून जाते. त्वचा पूर्णपणे कोरडी हवी. ओलसर त्वचेवर या क्षारापासून आम्ल तयार होऊन आग व खाज सुटते, म्हणून हात धुतल्यावर पंख्याखाली चांगले वाळवून मगच औषध लावावे. सकाळी ते धुऊन टाकावे. काखेतील केस काढल्यावर त्या रात्री लावू नये. प्रारंभी रोज आणि फरक पडू लागल्यावर आठवड्यातून एक-दोनदा, असा क्रम असतो. सुगंधी डिओडरंट आणि हे औषध एक नव्हे. पहिले दर्प झाकते, दुसरे घाम रोखते. अॅल्युमिनियममुळे कर्करोग होतो अशी भीती अनेकांना असते, परंतु या भीतीस विश्वासार्ह पुरावा मिळालेला नाही. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच हे वापरावे. काखेसाठी बहुतेकांचे काम एवढ्यावर भागते. तळहातांना ते अनेकदा अपुरे पडते.

दुसरी पायरी : पाणी आणि सौम्य विद्युत्प्रवाह

तळहात व तळपायांसाठी आमचा सर्वाधिक भर 'आयन्टोफोरेसिस' या उपचारावर आहे. नाव अवघड असले तरी कृती सोपी आहे. दोन उथळ तबकांत साधे नळाचे पाणी घेतात, त्यांत धातूच्या पट्ट्या असतात, रुग्ण दोन्ही तबकांत एकेक तळहात टेकवितो, आणि यंत्रातून एकदिश विद्युत्प्रवाह हळूहळू वाढवीत सुमारे १५ ते २० मिलिअँपिअरपर्यंत नेतात. वीस ते तीस मिनिटे असे बसावयाचे. मध्यावर प्रवाहाची दिशा बदलावयाची, म्हणजे दोन्ही हातांना सारखा लाभ होतो. मुंग्या आल्यासारखे वाटते, क्वचित त्वचा लालसर होते. याने घाम नेमका कसा थांबतो याविषयी संशोधकांत आजही एकमत नाही, परंतु तो थांबतो हे दशकानुदशके दिसून आले आहे. साध्या घरगुती यंत्राचे वर्णन १९६८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात आले होते.

काही बारकावे आहेत. पाण्यातील क्षारांमुळे प्रवाह वाहतो, त्यामुळे कूपनलिकेचे जड पाणी येथे सोयीचेच ठरते. पाणी अगदी मृदू असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. अंगठ्या व बांगड्या काढून ठेवाव्या लागतात. जखम असल्यास तीवर व्हॅसलीनचा थर देतात, नाहीतर तेथे चटका बसतो. प्रवाह चालू असताना हात झटकन बाहेर काढला की धक्का जाणवतो, म्हणून पहिल्या बैठकींत परिचारिका शेजारी बसलेली असते. गर्भवती स्त्रिया, हृदयात पेसमेकर बसविलेले रुग्ण, हातापायांत धातूचे रोपण असलेले आणि अपस्माराचे रुग्ण यांना हा उपचार देत नाहीत. आणि एक ताकीद: बॅटरीच्या चार्जरपासून असे यंत्र घरी जोडण्याच्या कृती ऐकून काही उत्साही तरुण तो प्रयोग करतात. घरातील विजेशी जोडलेल्या, सुरक्षिततेची चाचणी न झालेल्या उपकरणात दोन्ही ओले हात घालणे हा जिवाशी खेळ आहे.

आठवड्यातून तीन याप्रमाणे तीन ते चार आठवडे बैठका झाल्यावर बहुसंख्य रुग्णांचे तळहात कोरडे होऊ लागतात. पहिल्या पाच-सहा बैठकींत काहीच घडत नाही असे वाटून पुष्कळ जण येणे सोडतात. त्यांना थांबवून धरणे हे आमच्या परिचारिकांचे खरे कौशल्य. त्यानंतर परिणाम टिकविण्यासाठी आठवड्यातून एकदा ते महिन्यातून एकदा बसावे लागते, आणि हा क्रम वर्षानुवर्षे चालू ठेवावा लागतो.

उपचाराची अडचण नेमकी येथेच आहे. यंत्राचा खर्च एकदाच होतो, पाणी व वीज नगण्य. खर्च होतो तो रुग्णाच्या दिवसाचा. तालुक्याहून येणाऱ्या मजुरास वीस मिनिटांच्या बैठकीसाठी दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे गमवावे लागते. विद्यार्थ्याची शाळा बुडते. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात, आणि ती योजना अनेक कुटुंबांचा आधार आहे. परंतु ज्या विकारास खाटच लागत नाही त्याच्या रुग्णाची ही झीज खाटांच्या हिशेबाने भरून निघत नाही. म्हणून काही यंत्रे अल्प अनामत रकमेवर पाळीपाळीने रुग्णांच्या घरी द्यावीत, प्रारंभीच्या बैठका येथे घेऊन, नीट शिकवूनच ती द्यावीत, अशी सूचना आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवली आहे. एका मोठ्या उपकरणाच्या देणगीइतके नाव तीत नाही, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो.

गोळ्या आणि इंजेक्शने

अॅसिटिलकोलीनचे कार्य रोखणाऱ्या ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्यांनी सर्वांगाचा घाम कमी होतो. तोंडास कोरड पडणे, दृष्टी धूसर होणे, बद्धकोष्ठ, लघवीस अडथळा हे त्यांचे दुष्परिणाम सर्वज्ञात आहेत. काचबिंदूचे काही प्रकार व पुरःस्थ ग्रंथीची वाढ असलेल्यांनी त्या घेऊ नयेत. आपल्या प्रदेशात एक धोका अधिक आहे. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात राबणाऱ्याचा घाम गोळीने रोखला तर शरीर थंड होण्याची वाटच बंद होते आणि उष्माघात होऊ शकतो. शेतमजूर, बांधकामावरील कामगार यांना आम्ही उन्हाळ्यात या गोळ्या सहसा देत नाही. याच वर्गातील औषध त्वचेवर लावण्याच्या स्वरूपात अमेरिकेत २०१८ पासून काखेसाठी संमत झालेले आहे.

बोट्युलिनम विषाची इंजेक्शने तंतूंच्या टोकाशी अॅसिटिलकोलीन सुटूच देत नाहीत. काखेसाठी अमेरिकेत त्यांना २००४ साली मान्यता मिळाली. परिणाम उत्तम, परंतु साधारण सहा-सात महिने टिकणारा; औषध महाग आणि ते पुनःपुन्हा घ्यावे लागणारे. तळहातात सुया फार दुखतात आणि काही आठवडे पकड थोडी ढिली पडू शकते. सोनार किंवा शिंपी यांना हा सौदा परवडत नाही. काखेतील ग्रंथी सूक्ष्मलहरींच्या उष्णतेने नष्ट करणारे यंत्रही २०११ पासून वापरात आहे. ते खाजगी क्षेत्रात मोठ्या शहरांतच मिळते.

शेवटची पायरी : छातीतील शस्त्रक्रिया

अनुकंपी साखळी छेदल्यास हातांचा घाम थांबतो, हे कोत्झारेफ यांनी १९२० सालीच दाखविले होते. त्या काळी त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागे. आता काखेखाली लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीने, पूर्ण भूल देऊन व एका वेळी एक फुप्फुस थोडे आकसवून दुसऱ्या ते चौथ्या बरगडीच्या पातळीवर साखळी छेदतात किंवा तिच्यावर चिमटा बसवितात. रुग्ण शुद्धीवर येतो तेव्हा हात उबदार व कोरडे असतात. तळहातांवरील यश इतके तत्काळ आणि इतके पूर्ण असते की रुग्ण, नातेवाईक व शल्यविशारद सारेच हरखून जातात.

पुढील भाग मात्र पुरेशा स्पष्टपणे सांगितला जातोच असे नाही. साखळी छेदलेल्यांपैकी अनेकांना नंतर पाठ, पोट, कंबर व मांड्या येथे नव्याने घाम येऊ लागतो. यास भरपाईचा घाम म्हणतात. पुष्कळांचा तो सौम्य असतो आणि कोरड्या हातांच्या बदल्यात ते तो आनंदाने स्वीकारतात. परंतु काहींना तो मूळ विकारापेक्षा असह्य होतो; दिवसातून तीन-चारदा सदरा बदलावा लागतो. उष्ण व दमट हवामानात त्याचा जाच अधिक, हे ओघानेच आले. साखळी जितक्या वर आणि जितक्या ठिकाणी छेदावी तितका हा धोका वाढतो, म्हणून अलीकडे केवळ तिसऱ्या किंवा चौथ्या बरगडीच्या पातळीवर थांबण्याकडे कल आहे. पापणी खाली येणे, छातीत हवा साचणे हे धोके कमी, पण आहेत. तळपायांसाठी ही शस्त्रक्रिया केली जात नाही. आणि तोडलेला तंतू पुन्हा जोडता येत नाही. चिमटा काढल्याने पूर्वस्थिती येईलच असेही नाही.

आमच्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होत नाही. जे रुग्ण पहिल्या दोन पायऱ्या प्रामाणिकपणे, म्हणजे काही महिने, करून पाहतात आणि तरीही ज्यांची उपजीविका अडते, त्यांना आम्ही छातीच्या शल्यविशारदांकडे पाठवितो. पाठविण्यापूर्वी भरपाईच्या घामाविषयी रुग्णाशी आणि घरातील एका जाणत्या व्यक्तीशी स्वतंत्र बैठक होते. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत थांबावे असा आमचा सल्ला असतो. लग्न ठरले आहे, तारीख जवळ आली आहे, तेवढ्यापूर्वी 'काम उरकून घ्यावे' असे म्हणणाऱ्या पालकांना नकार देणे सोपे नसते. परंतु पाण्याच्या तबकांत हात ठेवून, चार आठवड्यांत, तोच मुहूर्त बहुधा साधता येतो, आणि त्यात परतीची वाट खुली राहते.

पहिल्या भेटीस येणाऱ्यांसाठी

त्वचारोग विभागात या विकारासाठी येताना घेत असलेल्या सर्व औषधांची, आयुर्वेदिक व होमिओपॅथिक धरून, यादी आणावी. हाता-पायांना पावडर लावून येऊ नये. रुग्णास झोपेत पाहिलेली घरातील एखादी व्यक्ती सोबत असावी. घाम केव्हापासून येतो, घरात आणखी कोणास येतो, आणि त्यामुळे नेमके कोणते काम अडते, हे आधीच आठवून ठेवल्यास वेळ वाचतो. शाळकरी मुलाने आपली एखादी जुनी वही आणली तर उत्तमच. पायांची तक्रार असल्यास रोजच्या वापरातील बूट-मोजे घालूनच यावे, नव्या चपला घालून येऊ नये.